चढण

वेंडेल पर्नेलच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरताना ल्यूशियस गॅड्सडेनने मनाशी पक्कं केलं होतं, की सही करायची आणि निघायचं. बसायचं नाही, कोणी पुढे केलं तरी काही खायचं नाही, जुनं उकरायचं नाही. पेनसुद्धा त्याने घरून आणलं होतं. त्यांचं पेन शोधण्यात पाच मिनिटं जायला नकोत.

दाराची घंटी वाजली, पण आत कोणाचं लक्ष नव्हतं. आत भांडण जुंपलं होतं.

"अल्बममध्ये 'ओव्हरब्रूक' झोपलंय, मिस कोरिन! पांघरूण घेऊन, घोरत झोपलंय!"

"झोपलेलं नाही, निवांत बसलंय. तुला फरक कळत नाही, कारण तुला स्वतःला दोन मिनिटं एका जागी बसता येत नाही."

"आणि टेपवर? टेपवर तेच गाणं उठतं, बूट घालतं आणि धावत सुटतं!"

"आणि शेवटी धापा टाकतं."

ल्यूशियस दारातच थांबला. कुठल्या टेपविषयी चाललंय हे त्याला सांगायला नको होतं. चोवीस वर्षं तो त्या टेपचं नाव निघालं की रस्ता बदलत आला होता. एका जुन्या कार्यक्रमाच्या त्या टेपला लोक 'चढण' म्हणत. नावसुद्धा ठेवलं होतं, लाडाने, पाळलेल्या कुत्र्याला ठेवावं तसं.

दर नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी 'टोकन बूथ'चे चाहते बॉल्टिमोर अव्हेन्यूवरच्या या दुकानात जमत. बाकीचे हिप-हॉपवाले जेव्हा दुसऱ्यांच्या तबकड्या फिरवून त्यावर बोलत होते, तेव्हा टोकन बूथची पाच माणसं खरी वाद्यं घेऊन उभी राहायची: ड्रम, उभा बास, विजेचा पियानो, ट्रम्पेट आणि पुढे माइक धरून थॅड. वेस्ट फिलाडेल्फियाला त्याचा केवढा अभिमान! एके काळी या दुकानात तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने उभी राहत. आता तीन उरली होती. पण फळा अजून होता. कोरिन मोबली शाळेत गणित शिकवायची. जुनी शाळा बंद पडली तेव्हा तिथला हिरवा फळा तिने उचलून आणला होता. त्यावर यादी असे: टोकन बूथचे सगळे अल्बम, सगळे कार्यक्रम, एक ते वीस, क्रमाने. वर्षातून एकदा यादी पुसायची आणि भांडून पुन्हा लिहायची. एक नियम फार कडक होता. 'मी तिथे होतो' असं जो म्हणेल त्याने तिकिटाचा फाटका तुकडा दाखवायचा. नाही दाखवला तर सगळ्यांसाठी खायला खारे प्रेट्झेल आणायचे.

फळ्यावर पहिल्या क्रमांकावर, गेली अठरा वर्षं न हलता, 'चढण' होती. दुसऱ्यावर 'ट्रान्सफर' हा अल्बम. दोन्हींवर ड्रम एकाच माणसाचे होते, आणि तो माणूस आत्ता दारात उभा होता.

"मिस्टर लू!" जबारीला तो आधी दिसला. जबारी फॉन्टलरॉय बत्तीस वर्षांचा, दिवसभर एका छापखान्यात काम करणारा, दाढी नीट कोरलेली. तो ताडकन उठला, त्याच्या मांडीवरची प्रेट्झेलची पिशवी खाली पडली. "देवा रे! मिस कोरिन, हे खरंच आले!"

"येतो म्हटलं होतं ना," ल्यूशियस म्हणाला. "कागद कुठाय?"

काउंटरमागून वेंडेल बाहेर आला. वेंडेल त्याच्याच वयाचा, साठीच्या पुढचा, कायम मान खाली घालून बोलणारा. "लू. किती दिवसांनी. बस तरी."

"बसत नाही. कागद दे."

"अरे, बावीस वर्षं दुकानासमोरून ट्रॉली घेऊन गेलास, एकदा हातसुद्धा हलवला नाहीस. आज बस की!"

"हात दांड्यावर असायचे," ल्यूशियस म्हणाला.

ते खरंच होतं. टोकन बूथमधून निघाल्यावर तो चौतीस नंबरची ट्रॉली चालवायला लागला होता आणि मागच्या वर्षी निवृत्त झाला. त्या खात्यात उशीर झाला तर साहेब बोलणी ऐकवत, पण वेळेआधी थांबा सोडला तर कागदावर नोंद होई, कारण उशिराला रहदारीचं कारण असू शकतं, लवकर जाण्याला फक्त ड्रायव्हर कारण असतो. बावीस वर्षांत ल्यूशियसने एकही थांबा वेळेआधी सोडला नव्हता. खात्यातली पोरं त्याला घड्याळ म्हणत. तो असा का आहे, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

कोरिनने फाइलमधून कागद काढला. "हे बघ. पुढच्या वर्षी 'ट्रान्सफर'ला पंचवीस वर्षं होतात. कंपनी तो अल्बम पुन्हा काढतेय, आणि सोबत दुसऱ्या तबकडीवर 'चढण'. वाजवणाऱ्या पाचही जणांच्या सह्या लागतात. चौघांच्या झाल्या. थॅडची सगळ्यात आधी आली. तू राहिलास."

ल्यूशियसने पेनाचं टोपण काढलं आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. सहीची जागा खाली होती, पण वरचा मजकूर नजरेस पडलाच. तो मजकूर तबकडीच्या पाकिटावर छापायचा होता. 'ती रात्र, जेव्हा ड्रमरचा तोल सुटला. गाणं त्याच्या हातातून निसटलं, पळत सुटलं, आणि बाकीचे चौघं जिवाच्या आकांताने त्याच्या मागे धावले. अशा चुकीतूनच चमत्कार घडतो.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग टोपण परत लावलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," जबारी म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलला. "आवडलं? रात्र-रात्र जागून लिहिलंय."

"तोल सुटला."

"हो! म्हणजे चांगल्या अर्थाने! मिस्टर लू, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय केलंत. घड्याळासारखं वाजवणारे गल्लीगल्लीत पडलेत. पण असं सुटणं! ठेका पळतोय, पळतोय, आणि तुमचं त्याच्याकडे लक्षच नाही..."

"लक्ष नाही?"

"म्हणजे, तुम्ही देहभान विसरलात. शेवटी शेवटी तर सगळा बँड सूरसुद्धा चढवतो, तुमच्या वेगाला साजेसा. म्हणून तर नाव 'चढण'. जगात कोणी असं केलेलं नाही. मला तर वाटतं थॅडने तिथल्या तिथे खूण केली असणार."

"तू होतास तिथे?"

जबारी जरा ओशाळला. "मी तेव्हा आठ वर्षांचा होतो."

"मी होतो तिथे," ल्यूशियस म्हणाला.

आणि त्या मूर्ख पोराच्या तोंडून, सवयीने, विचार न करता निघून गेलं, "तिकीट?"

कोरिनने डोळे मिटून घेतले.

"मी स्टेजवर होतो, गाढवा!" ल्यूशियसचा आवाज इतका चढला, की बाहेरून जाणाऱ्या बाईने काचेतून आत डोकावून पाहिलं. "स्टेजवर! काठ्या माझ्या हातात होत्या! आणि तू मला सांगतोस माझं लक्ष कुठे होतं?"

"सॉरी, मिस्टर लू. जिभेची सवय. खरंच सॉरी."

वेंडेलने खुर्ची पुढे सरकवली आणि या वेळी ल्यूशियस बसला. राग त्या पोरावर होता आणि नव्हताही. पोराने लिहिलेलं वाक्य तो स्वतः चोवीस वर्षं रोज स्वतःला म्हणून दाखवत होता, फक्त त्यात चमत्कार नव्हता.

त्या आठवड्यात त्याने आईला पुरलं होतं. सोमवारी दफन, शुक्रवारी सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरच्या चर्चच्या तळघरात कार्यक्रम. पाच रात्री झोप नव्हती. वाजवताना त्याला वाटलं होतं, ठीक चाललंय. पायाखाली घट्ट जमीन आहे. दोन महिन्यांनी थॅडने त्याला गाडीत बसवून सांगितलं, 'लू, वेंडेलने केलेली टेप ऐकली मी. तू पळतोयस. शेवटच्या गाण्यात तर तुला आवरता येत नाहीये. कंपनीच्या माणसांनीही ऐकली. ते म्हणतात, अशा हातांवर पुढचा अल्बम करता येणार नाही.' थॅड त्याचा शाळेपासूनचा मित्र. ल्यूशियसने टेप ऐकायलाही मागितली नाही. आपला मुडदा आपणच उघडून कशाला पाहायचा? ज्या हातांना जमीन घट्ट वाटत होती आणि ती नव्हती, त्या हातांवर पुन्हा कसा विश्वास ठेवायचा? त्याने ड्रम एका शाळेला देऊन टाकले.

"लाव," तो म्हणाला.

"काय?" वेंडेल म्हणाला.

"टेप. लाव. माझा तोल कसा सुटला ते ऐकतो आणि मग सही करतो. न ऐकता कशावर सही करायची?"

"तू कधीच ऐकली नाहीस?" कोरिनने विचारलं. तिला ते खरं वाटेना.

"लाव म्हटलं ना."

वेंडेलने काउंटरखालून एक कॅसेट काढली. मूळ कॅसेट. तिच्यावर निळ्या शाईत तारीख होती. ती त्याने मोठ्या डेकमध्ये घातली, आणि चोवीस वर्षांपूर्वीचं तळघर दुकानात शिरलं: खुर्च्यांचे आवाज, कोणाची तरी शिटी, कोणीतरी खोकलं, आणि थॅडचा आवाज, 'आईसाठी वाजव, लू.'

हे तो विसरला होता. त्याने चष्मा काढला.

पहिलं गाणं सुरू झालं. ल्यूशियस ताठ बसून राहिला, दंतवैद्याच्या खुर्चीत बसावं तसा. कधी घसरणार, कधी घसरणार. नाही घसरलं. दुसरंही नाही. ठेका जागचा हलत नव्हता. किती वर्षांनी तो स्वतःला ऐकत होता! चांगला होता की हा माणूस. डावा हात जरा जड पडत होता, पण चांगला होता.

"ही बाजू अल्बमसारखीच आहे," जबारी हळू आवाजात म्हणाला. "खरी मजा दुसऱ्या बाजूला."

वेंडेलने कॅसेट उलटली. चौथं, पाचवं. मग 'ओव्हरब्रूक'. सुरुवातीला काहीच वाटलं नाही. मग एखादी गाडी उताराला लागावी तसं काहीतरी सरकायला लागलं. हे बघ. पळतोय. खरंच पळतोय. थॅड खोटं बोलला नव्हता. हात गुडघ्यावर आपोआप ठेका धरत होते आणि टेपवरचा तो माणूस त्यांना मागे टाकून पुढे जात होता.

"आता बघा, आता सूर चढणार," जबारी कुजबुजला. त्याचे डोळे मिटलेले, मान डोलत होती. "आला... आला... काय आवाज लागलाय थॅडचा! सतरा वर्षांच्या पोरासारखा!"

मधे पियानोचा तुकडा आला. एकटा पियानो, मागे नुसता ठेका. ल्यूशियसची मान वर झाली.

तो पियानो त्याच्या पाठीच्या ओळखीचा होता. त्याने आणि पियानोवाल्याने मिळून तो किती जिने चढवला आणि उतरवला होता! त्याच्या मधल्या एका पट्टीची आतली पोलादी काडी तुटलेली होती. ती पट्टी दाबली की सूर न येता नुसतं 'ठक्' व्हायचं. टेपवर ते 'ठक्' आलं. पण त्याच्या आजूबाजूचे सूर तिथले नव्हते. सगळे वर सरकलेले. शेजारघरात आपलंच सामान मांडलेलं दिसावं तसं त्याला झालं.

"थांबव," तो म्हणाला.

"अहो, आत्ता तर खरी चढण..."

"थांबव म्हणतो!"

वेंडेलने बटण दाबलं.

"सूर कोणी चढवला?" ल्यूशियसने विचारलं.

"बँडने," जबारी म्हणाला.

"ट्रम्पेटवाला चढवेल. बासवाला बोटं सरकवेल. थॅड ओरडेल. पियानोवर कोण चढवणार? आत त्र्याहत्तर पोलादी काड्या असतात, प्रत्येकीचा सूर ठरलेला. गाणं चालू असताना स्टेजवर कोणी पाना घेऊन बसला होता का?"

"त्याने वरच्या पट्ट्या वाजवल्या असतील..."

"हळूहळू? दोन पट्ट्यांच्या मधे पट्टी असते का रे? आणि ते 'ठक्' ऐकलंस? ती तुटलेली पट्टी आहे. ती जागची कशी हलेल? बोट त्याच पट्टीवर आहे आणि सूर वर गेलाय." तो उठून काउंटरपाशी गेला. त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त भीतिदायक होता. "वेंडेल. कशावर रेकॉर्ड केलंस?"

"तुला माहीतच आहे. तो लहान रेकॉर्डर. कोटाच्या आत."

"सेल नवे होते?"

वेंडेलने काउंटरवरची एक तबकडी उचलून परत तिथेच ठेवली.

"वेंडेल."

"तुमच्या आधी दोन मंडळी होती. त्यांचंही रेकॉर्ड करत होतो मी. सेल त्यांच्या आधीचे होते. कार्यक्रम संपल्यावर पाहिलं तर रेकॉर्डरचा दिवा विझलेला होता. मी म्हटलं, नशीब, शेवटपर्यंत पुरले."

"शेवटपर्यंत पुरले!" ल्यूशियस म्हणाला. "शाबास!"

"मला कळत नाहीये," जबारी म्हणाला.

"तुला कसं कळणार? ऐक. सेल उतरायला लागले की रेकॉर्डरमधली टेप हळू फिरते. हळू फिरताना जे भरलं, ते नंतर नेहमीच्या वेगाने वाजवलं की पळतं, आणि सूरही वर जातो. सगळ्यांचा. पियानोचा, थॅडचा, खोकणाऱ्या माणसाचा. मी पळालो असतो तर ठेका पळाला असता, पियानोचा सूर कशाला चढेल? कळलं? अठरा वर्षं तू ज्याच्या पाया पडतोयस ना, ते दोन संपलेले सेल आहेत!"

जबारी उभाच राहिला. हातातला अर्धा प्रेट्झेल त्याला कुठे ठेवावा कळेना. "नाही," तो म्हणाला. "असं कसं होईल? इतक्या लोकांनी ऐकलंय. लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत."

"आणि त्यात तूही एक पान लिहिलंस."

"डेकला वेग कमी करायचं बटण आहे," कोरिन म्हणाली. "ओरडता कशाला? करून बघू या."

वेंडेलने 'ओव्हरब्रूक'च्या सुरुवातीला टेप नेली आणि वेगाच्या बटणावर बोट ठेवलं. ल्यूशियसने काउंटरवरच्या दोन पेन्सिली उचलल्या. काठ्यांसारखं काही हातात धरून त्याला चोवीस वर्षं झाली होती. तो लाकडावर ठेका देऊ लागला, जसा पहिल्या गाण्यांत ऐकला होता तसा, आणि वेंडेल त्या ठेक्यावर कान ठेवून टेप मागे खेचत राहिला. जरा, आणखी जरा. कोरिन पहिल्या बाजूवर ऐकलेल्या पियानोशी मनात सूर ताडून हाताने खूण करत होती: अजून खाली. आता बरोबर. पुन्हा निसटला. खाली. पियानोचा तुकडा आला, 'ठक्' आलं, आणि या वेळी आजूबाजूचे सूर आपापल्या घरी होते. थॅडचा आवाज चाळिशीकडे झुकलेल्या माणसाचा झाला, थकलेल्या, घसा बसलेल्या. आणि ड्रम? पेन्सिलींच्या खाली, बरोबर पावलाला पाऊल. कुठेही जात नव्हते.

गाणं संपलं. वेंडेलच्या डोळ्यांत पाणी होतं. "लू, मला माहीत नव्हतं. देवाशपथ. मी टेप थॅडला दिली ती कौतुकाने दिली."

"तू सेल बदलायचे होतेस," ल्यूशियस म्हणाला. त्याला वेंडेलची कीव करायची नव्हती. आज कोणाचीच करायची नव्हती.

जबारी म्हणाला, "पण हे... हे तर अल्बमसारखंच आहे."

"नाही," कोरिन म्हणाली. "अल्बमपेक्षा जड आहे. बास बघ कसा मागे रेलतोय."

"जड काय? ढिम्म आहे! मिस कोरिन, लोक हे ऐकायला घेणार आहेत का?"

"घेतील. कान असतील ते घेतील. मी तर म्हणते हे दुसऱ्या क्रमांकावर..."

आणि ते पुन्हा सुरू झाले. खरंच सुरू झाले. ल्यूशियस त्यांच्याकडे पाहत राहिला. माणसाचं अर्धं आयुष्य त्यांच्यासमोर काउंटरवर उघडून पडलं होतं आणि हे त्याला क्रमांक देत होते. पेन्सिली त्याने इतक्या जोरात आपटल्या, की एक मोडली.

पण पेन्सिल मोडली आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चमकलं. इतका वेळ ते समोर उभं होतं आणि दिसलं नव्हतं.

"कोरिन, थॅडचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

"आत्ता? तिकडे लॉस एंजेलिसमध्ये..."

"तिकडे आत्ता कुठे दुपार झालीय. लाव."

तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला. "कोरिन! गॅड्सडेनने केली का सही?" तोच आवाज, मऊ, जरा घासलेला.

"लू बोलतोय."

"लू! माझ्या भावा! किती वर्षांनी..."

"थॅड, त्या रात्री स्टेजवर तू माझ्यापासून किती लांब होतास?"

"काय?"

"चार फूट. माझ्या झांजेचा वारा तुझ्या मानेला लागायचा. तूच म्हणायचास. मला एवढंच सांग, तू माझ्या ठेक्यावर बोलत होतास, शब्द न् शब्द माझ्या ठेक्यावर टाकत होतास. मी पळतोय हे कळायला तुला टेप कशाला लागली?"

बाहेर एक बस थांबून निघून गेली.

"लू," थॅड अखेर म्हणाला, "इतकं जुनं..."

"मी पळालो होतो का?"

"फार जुनी गोष्ट आहे, भावा."

"हो की नाही?"

"नाही." एक श्वास ऐकू आला. "नाही पळालास. त्या रात्रीइतका घट्ट तू कधीच वाजवला नव्हतास. कंपनीला त्यांचा माणूस बसवायचा होता. त्यांनी मला विचारलं, तो ड्रमर हवा की करार हवा. मी... मग वेंडेलची ती टेप आली, बिघडलेली. मला ऐकताक्षणी कळलं, बिघडलीय. पण त्यांना कारण हवं होतं, आणि मला तुला तोंड दाखवायला सबब हवी होती. मला वाटलं, तू टेप मागशील. ऐकशील आणि हसशील, म्हणशील, थॅड, ही तर सेलची भानगड आहे. मग मी खरं सांगितलं असतं. तू मागितलीच नाहीस, लू."

"म्हणजे चूक माझी."

"तसं नाही म्हणत मी..."

"तू म्हणायला हवं होतंस, मला करार हवाय. मी तुला शिव्या दिल्या असत्या. दोन वर्षं तोंड पाहिलं नसतं. मग दुसऱ्या कोणाबरोबर वाजवलं असतं, थॅड! हात होते मला! आईच्या आठवड्यात मी पाय रोवून उभा राहिलो होतो आणि तू मला सांगितलंस मी पडलो. मी तुझं ऐकलं. माझ्या हातांचं नाही, तुझं ऐकलं."

"मी काय करू सांग. पाकिटावर तुझं नाव मोठं छापू? लोक त्या टेपवर जीव टाकतात, लू. तुझ्यावरच टाकतात."

"माझ्यावर नाही. तुझ्या थापेवर टाकतात," ल्यूशियस म्हणाला, आणि त्याने स्वतःच बोट ठेवून फोन बंद केला.

त्याने कागद समोर ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि जबारीचा मजकूर आडव्या रेघांनी खोडला. एकेक ओळ, सावकाश, कागद फाटेल इतका दाब देऊन. खाली लिहिलं: 'खऱ्या वेगाने. सेल संपले होते, हे छापून. नाहीतर नाही.' सहीची जागा त्याने रिकामी ठेवली.

"आधी त्याची सही घ्या याच्याखाली," तो म्हणाला. "मग माझी."

"थॅड करणार नाही," कोरिन म्हणाली.

"मग नका काढू."

"मिस्टर लू," जबारी म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "मी पुन्हा लिहितो. पण एक सांगू? रागावू नका. मला अजूनही ती पळणारीच आवडते. मी काय करू? मी तिच्यावरच वाढलोय."

ल्यूशियसने त्याच्याकडे पाहिलं. थप्पड मारावी असं वाटलं, आणि दुपारभरात खरं बोलणारा हा पहिलाच, असंही वाटलं. "तुझ्या घरी ऐक," तो म्हणाला. "दार लावून. माझं नाव न घेता."

तो बाहेर पडला तेव्हा वेंडेल फळ्यासमोर उभा होता. हातात डस्टर होतं आणि पहिल्या क्रमांकावर ते ठेवायचं की नाही, याचा विचार करत होता.

रस्त्यावर ऊन उतरत होतं. कोपऱ्यावरून चौतीस नंबर येताना दिसली. ल्यूशियसने मनगटावर पाहिलं. चार वाजून नऊ. ही गाडी या थांब्यावरून चार अकराला सुटायची. ती आली, दार उघडलं, एक बाई उतरली, आणि ड्रायव्हरने, विशीतल्या, ओळख नसलेल्या मुलाने, दार लावायला हात नेला.

ल्यूशियसने एक पाय पायरीवर ठेवला आणि एक खालीच, रस्त्यावर.

"चढा ना, साहेब."

"दोन मिनिटं आधी आलायस."

"काय?"

"चार अकराची आहे ही. चार नऊ झालेत. कोणीतरी कोपऱ्यावरून येत असेल, त्याला वाटत असेल अजून वेळ आहे. तू निघून जाशील आणि त्याला वाटेल आपल्यालाच उशीर झाला."

मागून एक प्रवासी ओरडला, "ओ मास्तर, आत या नाहीतर खाली उतरा!"

"गप्प बसा," ल्यूशियस मागे न बघता म्हणाला. त्याचा उजवा हात दाराच्या दांड्यावर होता. अंगठा त्यावर ठेका देत होता, ना पुढे, ना मागे.

ड्रायव्हर ल्यूशियसच्या अंगावरच्या ट्रॉली खात्याच्या जुन्या कोटाकडे बघत राहिला. त्याने दारावरचा हात काढून घेतला.

चार अकरा झाले. मगच ल्यूशियसने दुसरा पाय वर घेतला.

"आता सोड," तो म्हणाला.